उजव्या हाताच्या बांगड्या

मी तोंडाळ बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. बेळगावात खासबागेत आमच्या गल्लीत माझं शिलाई मशीन जेवढं वाजतं त्याच्यापेक्षा माझं तोंड जास्त वाजतं, असं आमचे मालक म्हणतात. मालक म्हणजे माझे यजमान. ते पॉवरलूमवर साड्या विणतात. दिवसभर त्या खडखडाटात बसून आलेल्या माणसाला घरी जरा शांतता लागते आणि ती त्यांना आजवर मिळालेली नाही.

मी बायकांचे ब्लाऊज शिवते. गल्लीतल्या कुठल्या बाईची छाती किती, कुणाचा खांदा उतरता, कुणाला काखेत सैल लागतं, कोण बाळंतपणानंतर सुटली आणि कोण काळजीनं वाळली, सगळं माझ्या डोक्यात. टेप लावायच्या आधीच मला माप कळतं. अशा बाईला नेमकी छातीतच गाठ व्हावी, ह्याला काय म्हणायचं? मला तर आधी रागच आला. रडू लई दिवसांनी आलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. उजवी छाती काढावी लागेल आणि त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील. मालक खाली मान घालून ऐकत होते. माझं लक्ष मात्र ‘काख’ ह्या शब्दावरच अडकलं. काखेत कापलं की हाताचं काय? उजवा हात म्हणजे माझा कात्रीचा हात. छाती काय, दोन लेकरं पाजून तिचं काम झालेलं. हात गेला तर मी दिवसभर करू काय, भिंतीकडं बघत बसू?

हा प्रश्न मी वॉर्डातल्या सिस्टरला विचारला. ती चिकोडीकडची, जैन शेतकऱ्याच्या घरातली. बोलणं कानडी, पण मराठी आमच्यासारखंच फडाफडा. अंगानं ठेंगणी, पायात रबरी चपला आणि आवाज असा की खडेबाजारात उभी राहून हाक मारली तर अख्खा रस्ता मागं वळून बघेल. वयानं आमच्या निम्म्याजणींपेक्षा लहान, पण सगळ्या तिला आक्काच म्हणायच्या आणि तीही पहिल्या दिवसापासून सगळ्यांना अगंतुगं करायची.

“आक्का, छाती गेली तर गेली,” मी म्हणाले. “हात राहील का तेवढं सांग.”

“सगळं नीट होईल, काळजी करू नका,” असं ती म्हणाली नाही. ते म्हणणारे लोक माझ्या डोक्यात जातात. तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या बुडाशी असलेला घट्टा चाचपला.

“कात्रीचा?”

“व्हय.”

“राहील हात. पण आजपासनं हा तुझ्या एकटीचा न्हाय, अर्धा माझा. मी सांगीन तसा वागवायचा. कबूल?”

मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ऑपरेशन झालं. काखेजवळून एक नळी बाहेर आलेली, तिच्या टोकाला बाटली, आणि छातीवर पट्ट्याच पट्ट्या. पहिल्यांदा पट्टी सोडायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. आक्कानं पडदा ओढला, हात धुतले, आणि म्हणाली, “तू खाली बघू नको. मी बघते. तू नुसतं माझ्या तोंडाकडं बघ.”

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती पट्टी सोडवत होती आणि मी तिच्या भुवया, तिचं नाक, तिच्या ओठांची कड बघत होते. कुठं काही हललं नाही. कीव नाही, किळस नाही, उगीच आणलेलं हसूही नाही. शिवून झालेला ब्लाऊज उलटा करून मी आतली शिलाई तपासते ना, तसं तिचं तोंड होतं. मग ती म्हणाली, “शिलाई चांगली आलीय बघ.”

हे ऐकल्यावर मला राहवेना. शिलाई म्हटल्यावर मी कशी न बघणार? मान खाली घातली आणि बघितलं. एका बाजूला सपाट, मधून एक लांब रेघ. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं: “टाके बरे आहेत. पण काखेकडच्या टोकाला चुणी आलीय.”

आक्का एवढी हसली की तिला ट्रे खाली ठेवावा लागला. पुढं कितीतरी दिवस ती नव्या बायकांना सांगायची, “तिच्यापासनं लांब रहा बायांनो, ती डॉक्टरांच्या टाक्यात खोट काढते.” त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथून बाहेर पडेन.

नळी निघाली आणि हाताचा व्यायाम सुरू झाला. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात आम्ही सगळ्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायचो आणि भिंतीवरून बोटं वर चालवायचो. दिसायला पोरखेळ. करायला गेलं की काखेतून अशी कळ निघायची की डोळ्यापुढं काजवे. मागून आक्का ओरडायची, “कै म्याल!” म्हणजे हात वर. कानडी येणाऱ्या, न येणाऱ्या, सगळ्यांना तेवढं कानडी पाठ झालं. बोटं जिथं थांबतील तिथं ती पेन्सिलीनं खूण करायची. ती खूण धड दिसायचीही नाही. मी मालकांना सांगून घरून माझा कपड्यावर खुणा करायचा खडू मागवला, निळा. मग प्रत्येकीची खूण लांबून दिसायला लागली आणि आमच्यात ईर्षाच लागली. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या बाईची रेघ माझ्यावर गेली तेव्हा मला जेवण गेलं नाही.

हे सगळं ती दिवस मावळायच्या आत उरकायची. घरच्या रीतीप्रमाणं सूर्य मावळल्यावर ती जेवायची नाही. ड्युटी दुपारची असली की ऊन कलतं न कलतं तोवर स्टीलचा डबा उघडून घाईघाईनं दोन घास खायची. त्यातही कुणी हाक मारली की डबा झाकून उठायची. कितीतरी वेळा डबा तसाच घरी गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय. मी म्हटलं, “आक्का, आधी खा की गं.” तर म्हणते, “माझं पोट पळून जात न्हाय.”

तिची आणखी एक रीत होती. ज्या बाजूचं ऑपरेशन त्या बाजूच्या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा आवळायचा नाही, घट्ट काही घालायचं नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी वर चढायला वाट कमी राहते, म्हणून त्याला जपायचं. कापलं, खरचटलं तरी घाण लवकर पकडते. हे कुणी विसरू नये म्हणून ती त्या हाताला कापडाची पट्टी बांधायची. बँडेजच्या पांढऱ्या पट्टीकडं कुणाचं लक्ष जायचं नाही. मी म्हटलं, थांब. ब्लाऊजच्या गळ्याला लावायच्या लाल पट्ट्यांची गुंडाळीच मी आणवली. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातल्या सगळ्या बायका लाल पट्टीवाल्या. मला सोडताना ती म्हणाली, “घराबाहेर पडलीस की ही बांधायची, सैल. कुठल्या दवाखान्यात जायची वेळ आली तर पट्टीच बोलेल. एरवी तू बोलतीसच.”

मध्ये एक गंमत झाली ती सांगते. एक बाजू रिकामी राहिली की खांदा एकीकडं ओढतो, म्हणून आक्कानं मला ब्लाऊजच्या आत ठेवायची मऊ गादी शिवायला सांगितली. वजन हवं म्हणून मी आत नाचणी भरली. झकास बसली. दोन्हीकडून सारखं, मापाला पक्कं. मग ती घामानं ओली झाली म्हणून धुतली. आमचा बेळगावचा पावसाळा, कपडे आठवडाभर आंबट राहतात. एका सकाळी गादी हातात घेतली तर शिवणीतून पांढरे मोड बाहेर! मी ती तशीच पिशवीत घालून तपासणीला घेऊन गेले आणि आक्काच्या टेबलावर ठेवली. “बघ, तुझ्या पेशंटला पीक आलंय.” ती बिचारी हसून हसून खुर्चीत बसली, डोळे पुसले, आणि म्हणाली, “आता कापूस घाल बाई, आणि वजनाला प्लास्टिकचे मणी.” तेव्हापासून मी तशाच शिवते. वॉर्डातून बायका येतात, मी त्यांना नाचणीची गोष्ट सांगते, आणि मगच माप घेते.

असं सगळं मार्गी लागत आलं होतं. सलाईनमधून द्यायची औषधं संपली. डोक्यावर बोटभर केस आले. कात्री चालायला लागली. लांब कापड कापताना हात भरून यायचा, पण चालायला लागली. आणि मी माहेरी गेले.

माझं माहेर निपाणीजवळच्या खेड्यात. आई थोरल्या भावाकडं, अण्णाकडं असते. आजारपणात तिला आम्ही अर्धंच सांगितलेलं, ‘गाठ काढली’ एवढंच. मला दारात बघून तिनं आत घेतलं. पाणी दिलं, चहा दिला. डोक्यावरचा पदर सरकला तेव्हा तिनं माझे केस बघितले. मी अंघोळ करून आले तेव्हा बाकीचंही बघितलं. तरी गप्प. शेवटी तिची नजर माझ्या उजव्या हातावर गेली. डाव्यात हिरव्या बांगड्या, उजव्यात नुसती लाल पट्टी.

“ह्यो हात असा का गं मोकळा?”

“डॉक्टरनी सांगितलंय.”

“डॉक्टरला काय कळतंय ह्यातलं?”

इथं माझ्या आईबद्दल सांगितलं पाहिजे. मी नवी नवरी असतानाच वडील गेले. तेव्हापासून आईचे दोन्ही हात मोकळे. आता जग बदललं, काहीजणी नाही मानत, पण आई त्यातली नव्हे. गावात कासार आला की सगळ्या बायका त्याच्याभोवती जमतात आणि आई आत जाऊन काहीतरी काम काढते, हे मी इतकी वर्षं बघत आलेय. त्या बाईला लेकीचा मोकळा हात बघवेना. “केस गेलं तर येत्याल,” ती म्हणाली, “अंगाचं पदराखाली झाकंल. पर जावाई जित्ता हाय आनि तुझा हात माझ्यावानी? मी मेल्यावर काय ते कर.”

मी गल्लीत कुणाला ऐकत नाही. मालकांना तर नाहीच. पण आईचं ते बोलणं मला मोडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावलं. आता कासार स्कूटीवर येतो, मागं डबे बांधून. आईनं स्वतःच्या हातानं माझी लाल पट्टी सोडली. कासारानं साबणाचं पाणी लावलं, बोटं एकत्र दाबली, आणि एकेक बांगडी चढवायला लागला. “घट्ट बसू दे,” आई म्हणत होती, “सैल बांगडी गळून पडती.” एक बांगडी चढताना पिचली आणि अंगठ्याजवळ ओरखडा उठला. थेंबभर रक्त. आईनं पदरानं टिपलं. सगळ्या चढल्यावर तिनं माझा हात इकडून तिकडून बघितला आणि किती दिवसांनी हसली. जन्मभर आत जाऊन काम काढणारी माझी आई त्या दिवशी कासारासमोर ऐटीत बसली होती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे, चार दिवसांनी घरी जाऊन काढू.

चार दिवस कुठले! तिसऱ्या दिवशी सकाळी उठले ती हात जड घेऊनच. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, हाताला हात लावला तर भाजतंय, अंगात ताप, आणि बांगड्या मांसात रुतलेल्या. अण्णानं लगेच गाडी केली. निपाणीपासून बेळगावपर्यंत आई माझ्या शेजारी बसून “दिष्ट लागली गं माज्या लेकीला” एवढंच म्हणत होती. मी डोळे मिटून एकच विचार करत होते: गेला. कात्रीचा हात गेला.

आक्कानं माझा हात बघितला. मला वाटलं आता ती ओरडणार, सगळं हॉस्पिटल गोळा होणार. ती अजिबात ओरडली नाही. तिनं डॉक्टरांना बोलावणं पाठवलं आणि त्याची मला जास्त भीती वाटली. डॉक्टर येऊन बघून गेले, औषधं लिहिली आणि बांगड्या ताबडतोब काढा म्हणाले. आक्कानं पकड आणली. तशी आई मध्ये आली आणि तिनं माझ्या हातावर आपले दोन्ही हात आडवे धरले.

“माज्या देखत न्हाय. जावाई जित्ता असताना बांगड्या फोडायच्या न्हाईत.”

अण्णा चिडला. “आई, बाजूला हो! पोरगी मरंल!” आई हलेना. मी तापात, मला दोघांचा राग येत होता आणि आईची दयाही येत होती.

आक्कानं पकड पाठीमागं धरली आणि आईच्या पुढ्यात उकिडवी बसली. “अव्वा,” ती म्हणाली. कानडीत अव्वा म्हणजे आई. “फोडायच्या न्हाईत. वाढवायच्या. आणि जावईबापूंसमोर. ते आले म्हणजे चालेल?”

आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. कानडी बोलणारी बाई, पण आमचा शब्द तिला ठाऊक होता. आईनं हळूच मान हलवली.

मालकांना फोन गेला होताच. ते लूम बंद करून तसेच आले, अंगावर सुताचा कोंडा. आक्कानं त्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि हाताखाली धरायला स्वच्छ कापड दिलं. “बघ अव्वा, धडधाकट उभे आहेत,” ती म्हणाली. मग एकेका बांगडीखाली तिनं जाळीची पट्टी सरकवली, वरून पट्टी धरली, आणि पकडीनं अलगद दाबली. काच मालकांच्या हातातल्या कापडात पडत होती. आई माझ्या हाताकडं न बघता सगळा वेळ जावयाकडंच बघत होती. ते एकदा खोकले तर ती दचकली.

शेवटी आक्कानं विचारलं, “माझी लाल पट्टी कुठाय?” आईनं कनवटीतून काढून दिली. धुऊन, घडी घालून ठेवली होती.

ताप उतरला, लाली गेली. सूज राहिली. हात कोपरापासून बोटांपर्यंत फुगलेला, दाबला तर खळगा पडायचा. डॉक्टर म्हणाले, बघू, थोडी सूज कायमचीही राहू शकते. मी घरून कात्री मागवली आणि कॉटवर बसून अंगठा कड्यात घालून बघितला. जाईना. दुसऱ्यांदा घातला, तिसऱ्यांदा. जाईना. आई बघत होती. तिनं तोंडात पदर कोंबला आणि बाहेर गेली.

आक्कानं तिला व्हरांड्यातून परत आणली. “रडून हात उतरत न्हाय, अव्वा. काम आहे तुला. रोज ह्या हाताला चोळायचं, पण चोळायचं न्हाय.”

आईला कळेना. आमच्या गावात तिनं कितीतरी लेकरांना न्हाऊ घातलंय. पायावर घेऊन अशी रगडते की लेकरू किंचाळून झोपी जातं. तिचा हात म्हणजे खरखरीत आणि जोराचा. आक्का म्हणाली, “बाळाची टाळू असती बघ, मऊ. तिथं तेल कसं लावतीस?” आईनं हवेतच बोटं फिरवून दाखवली. “तसं. नुसती कातडी सरकली पाहिजे. आधी मानेजवळ, मग खांदा, मग दंड, आणि शेवटी खाली. दर वेळी वरच्या दिशेला. पाण्याला वाट दाखवायची. आण तुझा हात.”

आणि तिनं आईचा हात मांडीवर घेतला. बाही वर सारली. आईचा तो वाळका, सुरकुतलेला, मोकळा हात. आक्का त्यावरून बोटं फिरवायला लागली, हळू, खांद्याकडं, पुन्हा पुन्हा. “असं. एवढंच वजन.” आई आधी अवघडून बसली होती. मग तिचे खांदे सैल झाले. मग तिनं डोळे मिटले. वडील गेल्यापासून माझ्या आईचा हात कुणी एवढा वेळ हातात धरून बसलेलं मी बघितलं नव्हतं. मी लेक, मीसुद्धा नाही. गाठ कळली तेव्हा मी रडले नव्हते, छाती बघितली तेव्हा रडले नव्हते. त्या दिवशी मी हुंदके देऊन रडले आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मग आक्कानं स्वतःची बाही वर केली. “आता माझ्यावर करून दाखव.” आईनं हात लावला की ती म्हणायची, “हगुर, अव्वा, हगुर.” हलकं, असं. आई पुन्हा करायची. “अजून हगुर.” ड्युटी संपलेली, बाहेर उन्हं कललेली, डबा झाकलेला तसाच, आणि ती बाई स्टुलावर बसून माझ्या आईकडून आपला हात फिरवून घेत होती. जमेपर्यंत उठली नाही. जमलं तेव्हा म्हणाली, “झालं. आता लेकीला लाव.”

आई माझ्याबरोबर खासबागेला आली आणि राहिलीच. रोज दुपारी जेवणं झाली की ती दारातल्या कट्ट्यावर बसायची, माझा हात मांडीवर घ्यायची आणि मानेपासून सुरुवात करायची. समोरची बाई एकदा म्हणाली, “आजी, जरा जोर लावा की, मुंगीपण मरायची न्हाय.” आईनं तिला असं झापलं की माझं तोंड कुठून आलंय ते गल्लीला कळलं. ठरल्या दिवशी आक्काकडं जायचं, ती बोटांपासून वर पट्ट्या गुंडाळून द्यायची, टेपनं माप घ्यायची. माप मला आधीच कळलेलं असायचं, पण ती सांगेपर्यंत मी गप्प राहायचे. हात उतरत होता. हळू, रुसून रुसून, पण उतरत होता.

एका दुपारी आई हात सोडून आत गेली तशी मी कात्री उचलली. अंगठा कड्यात गेला. जरा अडखळला, पण गेला. मी आईला दाखवलं नाही, नुसतं कापड ओढलं आणि कापायला लागले. कात्रीचा आवाज ऐकून ती आतून धावत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

पहिला ब्लाऊज आक्काचा शिवला. तिच्या भाचीचं लग्न होतं, मीच हट्टानं कापड मागून घेतलं. माप घेताना टेप खांद्यावर ठेवला तर उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. कॉटवरच्या बायकांना उठवून उठवून झालेला. तिला म्हटलं, तर म्हणते, “असू दे की, कोण बघतंय?” मी बघितलं होतं. मी आतून एका बाजूला पट्टी जास्त दिली आणि दोन्ही खांदे सारखे बसवले. तिनं तो घालून आरशात बघितलं आणि दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला.

थोडी सूज अजून आहे. मुठीत साडी धरली की कळतं. आई म्हणते, सूज असेपर्यंत हे तिचं काम, आणि मी हात पुढं करते.

यंदा गावच्या जत्रेला आम्ही दोघी माहेरी गेलो. तोच कासार आला, तीच स्कूटी. बायका ओसरीवर जमल्या. आई ह्या वेळी आत गेली नाही. माझ्या उजव्या अंगाला बसली होती, माझा हात तिच्या मांडीवर, बोटं मानेकडून खाली उतरत आलेली. कासारानं डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, साबणाचं पाणी पुढं ओढलं आणि म्हणाला, “आणा आता दुसरा.”

सगळ्या बायका आईकडं बघायला लागल्या. आईनं बोटं थांबवली नाहीत.

“त्यो सोड,” ती म्हणाली. “त्यो हात माज्याकडं हाय.”